सॉफ्टबॉल : नियम ओळखीचे वाटतात, पण वेगळे आहेत

धानाच्या कापणीनंतर मोकळ्या झालेल्या बांध्यांत गोंदिया जिल्ह्यातील मुले क्रिकेट शिकतात. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवड झाली, की हा सराव झेल घेताना व अचूक फेक करताना उपयोगी पडतो. धाव घेताना मात्र तीच सवय घात करते. दोन्ही खेळांतील फरक ठाऊक नसेल, तर चांगला खेळाडूही क्षणात बाद होतो.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे, बंदिस्त जागेत खेळण्याचा बेसबॉल म्हणून झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलला प्रथम स्थान मिळाले.

मैदान आणि साहित्य

होम प्लेट व तीन बेस मिळून चौकोन तयार होतो. दोन बेसमधील अंतर ६० फूट असते. पिचर आणि होम प्लेट यांतील अंतर महिलांसाठी ४३ फूट, तर पुरुषांसाठी ४६ फूट असते. लहान वयोगटांत ही अंतरे कमी ठेवली जातात. चेंडूचा परीघ १२ इंच असतो. लहानांसाठी ११ इंची चेंडूही वापरतात. नावात 'सॉफ्ट' असले, तरी हा चेंडू मऊ नसतो. त्यामुळे फलंदाज व धावपटूला हेल्मेट आणि कॅचरला मुखवटा, छातीचे व पायांचे संरक्षक साहित्य आवश्यक ठरते.

फलंदाजी

प्रत्येक संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात सात डाव असतात. तीन खेळाडू बाद होताच संघाची फलंदाजीची पाळी संपते. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकतो. चेंडू होम प्लेटवरून, साधारणतः फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीतून गेला आणि त्याने तो मारला नाही, तरी 'स्ट्राइक' धरला जातो. या कक्षेबाहेरील न मारलेला चेंडू 'बॉल' ठरतो. तीन स्ट्राइक झाल्यास फलंदाज बाद होतो. चार बॉल मिळाल्यास त्याला पहिला बेस बहाल होतो.

क्रिकेटमध्ये यष्टीमागे वळवलेला चेंडू धावा देतो. येथे दोन्ही फाउल रेषांबाहेर गेलेला फटका 'फाउल' ठरतो.

धाव घेताना

क्रिकेटमध्ये फटका मारून जागेवर थांबता येते. येथे चेंडू रेषांच्या आत पडला, की पहिल्या बेसकडे धावावेच लागते. फलंदाज पोहोचण्यापूर्वी चेंडू हाती असलेल्या क्षेत्ररक्षकाने त्या बेसला स्पर्श केला, तर फलंदाज बाद होतो. पहिला बेस ओलांडून सरळ पुढे धावण्याची मुभा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर ती नाही. तेथे बेस सुटताच चेंडूचा स्पर्श करून धावपटूला बाद करता येते.

पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी धावपटूने बेस सोडला, तर तो बाद ठरतो. क्रिकेटमधील नॉन-स्ट्रायकरप्रमाणे आधीच पुढे सरकण्याची सवय येथे महागात पडते. फटक्याचा झेल घेतला गेला, तर धावपटूला आपल्या बेसला पुन्हा स्पर्श करूनच पुढे जाता येते. सर्व बेस क्रमाने पार करून होम प्लेट गाठल्यावर एक धाव मिळते.

निकाल

पाचव्या डावानंतर सात धावांची आघाडी असेल, तर सामना तेथेच संपवण्याचा नियम आहे. बरोबरी झाल्यास जादा डाव खेळवले जातात.

शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील गट असतात. जिल्ह्यातील विजेता संघ नागपूर विभागात आणि तेथून पुढे राज्य स्पर्धेत खेळतो. ठरावीक स्तरावरील कामगिरीसाठी दहावी-बारावीला सवलतीचे गुण देण्याची शासनाची तरतूदही आहे. अशा सामन्यात बेसवरून घाईने उचललेले एक पाऊल संघाचा डाव संपवू शकते. म्हणूनच फलंदाजीच्या सरावाइतकाच वेळ बेसवर थांबण्याच्या आणि धावण्याच्या सरावाला देणे हिताचे ठरते.