राजापेठेतील छप्पर आणि सूर्य : वऱ्हाडातील ऊर्जाबचत करणाऱ्या घरांच्या खर्च-लाभाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अमरावतीच्या जुन्या परकोटाबाहेर, राजकमल चौकाकडून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजापेठ हा भाग आहे. येथील एखाद्या उंच गच्चीवरून पाहिले असता पाण्याच्या टाक्या, खिडक्यांना लावलेले कूलर, सौर बंब आणि अलीकडच्या काळात वाढलेले सौर पॅनेल यांची दाटी दृष्टीस पडते. अमरावती व अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि काही वर्षी त्याहूनही वर जातो. अशा प्रदेशात सूर्य हा एकाच वेळी संकट आणि साधन ठरतो.

सौर घराची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : गुंतवलेला पैसा किती वर्षांत वसूल होतो? हा प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. घराचा ऊर्जाखर्च पॅनेल बसवण्याच्या दिवशी सुरू होत नाही. भिंतीची जाडी आणि छपराचे साहित्य निश्चित होते त्याच दिवशी तो पुष्कळसा ठरून जातो. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील घराच्या स्थित्यंतराचा आढावा घेऊन, प्रत्येक टप्प्यावर खर्च कोणी सोसला आणि लाभ कोणाच्या पदरात पडला, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मातीचे घर : लाभ आणि न मोजलेला खर्च

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला आणि अमरावती ही कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून स्थिरावली. या संपन्नतेतून वाडे उभे राहिले. जाड भिंती, मधला चौक, सागवानी खांब, ओसरी आणि लहान खिडक्या ही त्यांची वैशिष्ट्ये होत. सामान्य शेतकऱ्याचे घर मातीच्या भिंतींचे असे. छपरावर कवेलू किंवा मातीचे धाबे असे. जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत येण्यास बराच अवधी लागे, ओसरी भिंतीवर सावली धरी, आणि रात्री माणसे अंगणात किंवा धाब्यावर झोपत. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धतही होती. या सर्व व्यवस्थेस विजेचे एक युनिटही लागत नव्हते.

तथापि हे घर फुकटचे नव्हते. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, धाब्यावर नवी माती टाकावी लागे, आणि शेणसारवण वर्षभर चाले. यांतील सारवणाचा मोठा भाग घरातील स्त्रियांच्या श्रमांवर उभा होता व त्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नसे. शिवाय वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उभ्या राहिलेल्या भिंतींना तडे जाणे ठरलेलेच असे. म्हणून मातीच्या घराचा त्याग हा केवळ अनुकरणाचा परिणाम मानता येत नाही. त्यामागे श्रमातून सुटका मिळवण्याची रास्त इच्छाही होती.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाचा वेगळ्या दिशेने विचार झाला. १९३६ मध्ये महात्मा गांधी शेगाव म्हणजे आजच्या सेवाग्राम येथे राहावयास गेले. तेथील कुट्या परिसरातच मिळणारी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतून उभारल्या गेल्या. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने वर्ध्यात स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या बांधकामात सुधारणा केल्या आणि शंकूच्या आकाराच्या कवेलूंचे कमानदार छप्पर प्रचारात आणले. मातीच्या घराचे गुण राखून त्याची कटकट कमी करण्याचा हा प्रयत्न होता. शहरातील बांधकामाने मात्र दुसरी वाट धरली.

स्लॅब, कूलर आणि कोळसा

सिमेंटच्या घराने गळती थांबवली, मजल्यावर मजला चढवण्याची सोय केली आणि महाग होत चाललेल्या भूखंडावर जाड भिंतींनी व्यापलेली जागा मोकळी केली. परंतु दिवसभर तापलेला चार-पाच इंचांचा स्लॅब संध्याकाळनंतर तीच उष्णता खोलीत सोडतो. अंगणे गेली आणि त्यांबरोबर उघड्यावर झोपण्याची सोयही गेली. ही उणीव कूलरने भरून काढली. वाळ्याच्या ताटीचेच तत्त्व पंखा व पंप यांच्या साहाय्याने वापरणारे हे यंत्र वऱ्हाड-विदर्भातील घराचे अविभाज्य अंग बनले. घराने वाचवलेला बांधकामाचा खर्च अशा रीतीने वीज आणि पाणी या दोन रूपांनी दर उन्हाळ्यात परत द्यावा लागला.

त्याची किंमत शहराबाहेरही मोजावी लागली. अकोला जिल्ह्यातील पारस येथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीलगत नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभारण्यात आला. त्यासाठी ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्याच्या निर्णयास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी विरोध केला. सिंचनाचे पाणी विजेसाठी का, असा त्यांचा प्रश्न होता. शहरातील तापलेली खोली आणि मोर्शी परिसरातील कोरडे शेत यांचा संबंध वीजबिलावर छापला जात नाही; तरी तो अस्तित्वात आहे.

सूर्य छपरावर येतो

सौर घराची आधुनिक कल्पना थंड प्रदेशातून आली. अमेरिकेतील डोव्हर येथे १९४८ मध्ये मारिया टेल्केस यांची योजना आणि एलिनॉर रेमंड यांचा आराखडा यांतून उभे राहिलेले घर हिवाळ्यात ऊब साठवण्यासाठी होते. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट सादर केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. भारतात १९७३ च्या तेलसंकटानंतर या विषयास गती मिळाली. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला आणि महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाऊर्जा या अभिकरणाची स्थापना झाली.

मध्यमवर्गीय घरात सूर्य प्रथम आला तो न्हाणीघरात. तांब्याच्या बंबाची जागा आधी विजेच्या गिझरने व नंतर सौर बंबाने घेतली. विजेच्या बाबतीत निर्णायक बदल २०१५ मध्ये झाला. त्या वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे विनियम केले व घरी निर्माण झालेली जादा वीज ग्रीडला देऊन तिची वजावट मिळवणे शक्य झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाली. तिचे लक्ष्य १ कोटी घरांचे असून खर्चाची तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे.

हिशेब आणि त्याच्या मर्यादा

या योजनेत २ किलोवॉटपर्यंत प्रमाणभूत खर्चाच्या ६० टक्के आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी ४० टक्के साहाय्य धरले आहे. पहिल्या दोन किलोवॉटचा खर्च प्रत्येकी ५०,००० व तिसऱ्याचा ४५,००० रुपये मानल्यास एकूण १,४५,००० रुपये होतात. त्यांपैकी ७८,००० रुपये शासन देते. १ किलोवॉट संचासाठी सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि महिन्याला साधारण १०० युनिट वीज मिळते. बाजारातील दर अधिक असतो म्हणून ३ किलोवॉटसाठी १,८०,००० रुपये गृहीत धरू. साहाय्य वजा जाता कुटुंबाचा वाटा १,०२,००० रुपये होतो. वर्षाला ३,६०० युनिट आणि प्रतियुनिट ८ रुपये या हिशेबाने २८,८०० रुपये वाचतात, म्हणजे साडेतीन वर्षांत रक्कम वसूल होते. साहाय्याविना हाच कालावधी सव्वासहा वर्षांचा होतो. पॅनेल २५ वर्षे चालेल अशी अपेक्षा असल्याने हा व्यवहार निःसंशय लाभाचा आहे.

मात्र तीन मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात पॅनेलचे तापमान ६५ अंशांवर गेल्यास घट १६ टक्क्यांची होते. दुसरी, बॅटरी नसलेला ग्रीडशी जोडलेला संच वीजपुरवठा खंडित होताच सुरक्षिततेसाठी बंद पडतो. त्यामुळे भारनियमन भोगलेल्या या प्रदेशाची स्वयंपूर्णतेची अपेक्षा त्यातून पुरी होत नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. संच वीज देतो दिवसा आणि कूलर चालतो रात्रभर. नेट मीटरिंग कागदावर दिवस-रात्रीची वजावट करते, पण रात्रीचे युनिट पुष्कळसे कोळशातूनच येते. बिल शून्य झाले म्हणून रात्रीची मागणी शून्य होत नाही. ती कमी करण्याचे सामर्थ्य पॅनेलपेक्षा भिंत, सावली आणि छप्पर यांच्यात अधिक आहे. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर देणे किंवा चिनी मातीच्या फुटक्या फरशा बसवणे हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. परंतु त्यांना सौर संचासारखे भरीव साहाय्य लाभलेले नाही.

यापुढचा प्रश्न मालकीचा आहे. गच्ची ज्याची, सौर लाभ प्रथम त्याचा. राजापेठेसारख्या भागातील भाडेकरू वीजबिल भरतो, पण छपरावर त्याचा अधिकार नसतो; आणि घरमालकाला भाडेकरूचे बिल कमी करण्यात स्वारस्य नसते. सदनिकाधारकाची गच्ची सामाईक असते. गृहसंस्थांना सामाईक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये मिळतात. तथापि त्यासाठी सर्वांची संमती जुळवावी लागते. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यास उष्णता सर्वाधिक सोसावी लागते आणि पॅनेलचा भार पेलणारे छप्परही त्याच्याजवळ नसते.

निष्कर्ष

वऱ्हाडातील घराचा इतिहास असे दर्शवितो की प्रत्येक टप्प्यावर खर्च नाहीसा झाला नाही. तो केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. मातीच्या घरात तो स्त्रियांच्या श्रमात होता, सिमेंटच्या घरात धरणाच्या पाण्यात व कोळशात गेला, आणि सौर घरात तो छप्पर नसलेल्यांच्या वाट्यास येण्याचा संभव आहे. म्हणून सौर घराचे मूल्यमापन परतफेडीच्या वर्षांपुरते मर्यादित ठेवणे योग्य ठरणार नाही. आधी घर कमी तापेल असे बांधावे, मग उरलेल्या गरजेपुरता सूर्य वापरावा, आणि शासकीय साहाय्याने पॅनेलइतकाच भिंतीचा, गच्चीइतकाच भाडेकरूचा विचार करावा, हा क्रम येथील हवामानास व येथील अनुभवास धरून आहे. वाड्याच्या जाड भिंतीने न मागितलेले युनिट हेच आजही सर्वांत स्वस्त युनिट होय.