चिन्हं नुसती जागा वाचवत नाहीत: भास्कराचार्य, व्हिएत आणि न्यूटनचं टिंब

संशोधनाची तयारी करताना पहिला पेपर उघडला की दुसऱ्याच ओळीत ग्रीक अक्षरांची रांग उभी असते. बहुतेकांना वाटतं, चिन्हं म्हणजे गणिताचं शॉर्टहँड, लांब वाक्य थोडक्यात लिहायची सोय. हे अर्धंच खरं आहे. कोणता प्रश्न विचारता येईल, हेसुद्धा चिन्हांनी ठरवलं आहे. तीन उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण आपल्याकडचं. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. लिहिताना नुसतं 'या'. दुसरी अज्ञात राशी आली की 'कालक', तिसरी 'नीलक', म्हणजे चक्क रंगांची नावं. त्यांचं झालं 'का' आणि 'नी'. सुट्या संख्येला 'रूप', म्हणून 'रू'. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. आता या पद्धतीत एक समीकरण मांडू:

या ३ रू ५
या १ रू ९

बरोबरचं चिन्ह नाही. दोन बाजू एकाखाली एक लिहिल्या की त्या समान, एवढंच. वरच्या ओळीतून 'या १' आणि खालच्या ओळीतून 'रू ५' वजा करा, 'या'ची किंमत २ येते. म्हणजे बघा, चिन्हांचं बीजगणित युरोपातच सुरू झालं असं कोणी म्हटलं, तर ते मान्य करायची गरज नाही.

पण यात एक गोष्ट नव्हती, आणि ती नीट समजून घ्या. अज्ञात राशीला अक्षर होतं, ज्ञात राशीला नव्हतं. ३, ५, १, ९ हे आकडेच राहायचे. नियम सर्वसाधारण असायचा, पण तो श्लोकात, शब्दांत. उदाहरण आकड्यांत. त्या नियमावरच कागदावर क्रिया करायची सोय नव्हती.

ती सोय केली फ्रान्समधल्या फ्रांस्वा व्हिएत यांनी, १५९१ मध्ये. हे गृहस्थ पेशाने वकील. त्यांनी अज्ञात राशींना स्वर दिले आणि ज्ञात राशींना व्यंजनं. वरवर पाहता केवढीशी गोष्ट! पण आता एका समीकरणाऐवजी समीकरणांचं अख्खं कुटुंब एका ओळीत मावलं. 'याचं उत्तर काय?' यापुढे जाऊन 'सहगुणक बदलले तर उत्तराचं काय होतं?' हा प्रश्न कागदावर मांडता आला. पुढे १६३७ मध्ये देकार्तनी ज्ञात राशींना वर्णमालेतली सुरुवातीची आणि अज्ञात राशींना शेवटची अक्षरं दिली. आपला शाळेतला 'एक्स' तिथून आला. गंमत म्हणजे = हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डनी १५५७ मध्येच छापलं होतं. दोन समांतर रेघांहून अधिक समान दुसरं काय असणार, हा त्यांचा युक्तिवाद. तरीही देकार्तनी ते वापरलं नाही, वेगळंच चिन्ह वापरलं. चांगलं चिन्हसुद्धा लगेच रुळत नाही.

तिसरं उदाहरण जरा कडू आहे. कलनशास्त्र न्यूटन आणि लायबनिझ या दोघांनी स्वतंत्रपणे उभं केलं. न्यूटन बदलाचा दर दाखवायला अक्षरावर टिंब द्यायचे. लायबनिझनी १६७५ मध्ये बेरजेसाठी ∫ आणि सूक्ष्म फरकासाठी 'डी' घेतला. टिंबात बदल कशाच्या सापेक्ष आहे ते लिहिलेलं नसतं. 'डीवाय बाय डीएक्स'मध्ये ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे चलराशी बदलताना हात आपोआप बरोबर चालतो. पण श्रेय कोणाचं यावरून वाद पेटला आणि चिन्ह हा निष्ठेचा प्रश्न झाला. इंग्लंड टिंबाला चिकटून राहिलं. इकडे युरोप खंडात बर्नूली, ऑयलर, लाग्रांज पुढे निघून गेले. इंग्लंड मागे पडण्याचं कारण एकटं टिंब नव्हतं, पण खंडातलं लिखाण इंग्रज विद्यार्थ्यांना परकं वाटायला त्याने हातभार नक्की लावला. शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजच्या बॅबेज, हर्शेल, पीकॉक वगैरे तरुणांनी ॲनालिटिकल सोसायटी काढली, १८१६ मध्ये लाक्र्वाच्या फ्रेंच पाठ्यपुस्तकाचं भाषांतर केलं, आणि १८१७ मध्ये पीकॉकनी परीक्षेच्या पेपरातच 'डी' आणला. परीक्षेत आलं की अभ्यासात येतंच, हे तेव्हाही खरं होतं!

न्यूटनचं टिंब मेलं मात्र नाही. भौतिकशास्त्रात काळाच्या सापेक्ष बदलासाठी ते आजही वापरतात, कारण तिथे 'कशाच्या सापेक्ष' हे आधीच ठरलेलं असतं. म्हणजे चिन्ह चांगलं की वाईट हे कामावर ठरतं.

म्हणून पुढचा पेपर वाचताना प्रत्येक चिन्हाला दोन प्रश्न विचारा: हे काय दाखवतंय, आणि काय गृहीत धरून लपवतंय? स्वतःचा प्रबंध लिहायला घ्याल तेव्हा चिन्हांचा तक्ता पहिल्याच आठवड्यात करा. एका अक्षराला एकच अर्थ द्या. आणि केवळ आपल्या गाइडची किंवा लॅबची पद्धत आहे म्हणून एखादं गैरसोयीचं चिन्ह धरून बसू नका. तसं केल्याने काय होतं, ते केंब्रिजने शंभर वर्षं अनुभवलं आहे.