पाटी, पेन आणि दाजी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण तसं घरगुतीच आहे, पण त्या निमित्ताने जो इतिहास हाती लागला तो एकट्याने पचवण्यासारखा नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यात कोल्हापूरहून ताईचा फोन आला. भाचीला ड्रॉइंग टॅबलेट हवाय, कुठला घ्यायचा ते तू सांग, आणि पाच हजारांच्या वर जाऊ नकोस. (आमच्या घराण्यात कॉम्प्युटरसमोर सलग तासभर बसणारा कुठलाही माणूस त्यातला तज्ज्ञ समजला जातो.) भाचीला इंटरमीजिएटला ए ग्रेड होती. आता अप्लाइड आर्टला जायचंय, आणि सध्या ती मोबाइलवर बोटाने चित्रं काढते. बोटाने! आणि तीही अशी, की मी दोनदा विचारलं, खरंच तूच काढलंस ना?

पैशांचं जमलं असतं. अडचण दाजींची होती.

दाजी पेंटर. आडनावाने नव्हे, धंद्याने. महाद्वार रोड, गंगावेस, पार शाहूपुरीपर्यंत दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, सगळं त्यांच्या हातचं. वेलांटी एका दमात ओढायचे, मधे ब्रश उचलायचा नाही. २००४-०५ च्या सुमाराला फ्लेक्स आलं. दाजी तीन दिवसांत जी पाटी रंगवायचे ती डीटीपीवाला तासाभरात छापून द्यायला लागला. दोन-तीन वर्षांत काम आटलं, आणि आता दाजी एका रंगाच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यामुळे मुलीने कॉम्प्युटरवर चित्रं काढायची म्हटल्यावर ते फोनवर एवढंच म्हणाले, "पावणं, ह्याच डबड्यानं माझा ब्रश बंद केला न्हवं? आता त्यालाच घरात घेऊ व्हय?"

यावर काय बोलणार? मी "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि किमती बघायच्या सोडून ही वस्तू आली कुठून ते शोधत बसलो. (ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, तुम्हाला भाजी आणायला पाठवलं तर वांग्याचा इतिहास घेऊन याल.)

सुरुवात सापडली थेट १८८८ मध्ये. एलिशा ग्रे नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्या वर्षी टेलॉटोग्राफचं पेटंट मिळवलं. हा तोच ग्रे, ज्याचा टेलिफोनचा कागद आणि बेलचा अर्ज एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ ला, पेटंट कचेरीत पोचले आणि नाव बेलचं झालं. तर या यंत्रात इकडे लेखणी हलवली की तिच्या हालचालीचा वीजप्रवाह होऊन तारेतून जायचा आणि पलीकडची लेखणी तशीच हलायची. दूरवरून सही करता यायची. बँकांनी आणि रेल्वेने ते वापरलंही.

मग कॉम्प्युटर आले. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंडने स्केचपॅड नावाची प्रणाली केली, तिच्यात लाइट पेनने थेट पडद्यावर रेघ काढता यायची. पण उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून किती वेळ काढणार? (दाजींना विचारा. हाताखाली काठी का धरतात ते ते सांगतील.) पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनने पाटी आडवी केली. दहा बाय दहा इंचाचा चौकोन टेबलावर, पृष्ठभागाखाली इंचाला शंभर या हिशेबाने तांब्याच्या बारीक रेघा, आणि त्यांतून जाणारे संकेत टिपणारं पेन. हात टेबलावर, नजर पडद्यावर. आज दुकानात मिळणाऱ्या साध्या टॅबलेटची मांडणी हीच आहे, साठ वर्षांत बदललेली नाही.

किंमत मात्र बदलली. रँडची पाटी १८ हजार डॉलरची होती. त्याच वर्षी बाजारात आलेली फोर्डची मस्टँग गाडी २,३६८ डॉलरला मिळायची. म्हणजे एका पाटीत सात गाड्या येऊन वर पैसे उरले असते. आपल्याकडे तेव्हा डॉलर पावणेपाच रुपयांना होता, म्हणजे साधारण ८५ हजार रुपये. १९६४ चे!

पुढे १९७९ मध्ये ॲपलने आपल्या ॲपल टू साठी टॅबलेट काढला, ६५० डॉलरला. खुद्द ॲपल टू १९७७ मध्ये १,२९८ डॉलरपासून सुरू झाला होता, म्हणजे पाटीची किंमत कॉम्प्युटरच्या निम्मी. १९८३ चं कोआलापॅड मात्र मला फार आवडलं. डेव्हिड थॉर्नबर्ग यांनी ते मुळात शाळांसाठी, स्वस्तातलं म्हणून आखलं होतं. चित्र काढण्याची जागा जेमतेम हाताच्या पंजाएवढी. नवशिक्यासाठी मुद्दाम काहीतरी करावं हा विचार इतका जुना आहे हे वाचून बरं वाटलं.

त्याच १९८३ मध्ये जपानमध्ये वाकॉम कंपनी सुरू झाली, आणि तिने जे केलं ते समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या पेनला ना वायर, ना बॅटरी. मग चालतं कसं? सतारीच्या तरफेच्या तारा आठवा. त्यांना कोणी छेडत नाही, वरची तार त्यांच्या सुरात वाजली की त्या आपोआप झंकारतात. इथे पाटीखालच्या तारांची जाळी एका ठरावीक कंपनसंख्येचा चुंबकीय संकेत सोडते, पेनातली छोटी वेटोळी त्यावर झंकारते, आणि तो झंकार जाळी परत ऐकते. कुठून आला त्यावरून जागा कळते. पेन दाबलं की सूर किंचित बदलतो, त्यावरून दाब कळतो. दाब कळला की रेघ जाड-बारीक होते. ब्रशसारखी.

वाचता वाचता मी इथे थांबलो. दाजींचं काम ज्याने खाल्लं त्या फ्लेक्सला हात लागतच नव्हता, तयार फॉन्ट आणि माउस एवढ्यावर भागत होतं. माउसने चित्र काढणं म्हणजे वरवंट्याने रांगोळी. आणि ही दुसरी मंडळी मात्र इतकी वर्षं एकाच गोष्टीमागे होती, माणसाचा हात जसाच्या तसा यंत्रात कसा शिरेल. एकाच डबड्यात दोन्ही गोष्टी येऊन बसल्या, म्हणून दाजींना त्या एकच वाटतात. त्यात त्यांची काय चूक?

आता किमतीचं. बिनबॅटरीच्या पेनाची पेटंटं होती, त्यामुळे बरीच वर्षं इतर कंपन्यांच्या स्वस्त टॅबलेटमध्ये पेनात बॅटरी घालावी लागायची. पेन जाड, जड, आणि नेमकं रंगात आल्यावर बंद. पेटंटची मुदत वीस वर्षांची. जुनी पेटंटं संपत गेली तशी २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात हुइऑन, एक्सपी-पेन वगैरे चिनी कंपन्यांनीही बिनबॅटरीची पेनं द्यायला सुरुवात केली. वाकॉमलाही आपलं स्वस्त मॉडेल ठेवावं लागलं. आज तीन ते पाच हजारांत जे मिळतं ते यामुळे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ८१९२ प्रेशर लेव्हल्स. त्याला भुलू नका. ग्राफायर नावाच्या जुन्या टॅबलेटमध्ये ५१२ पायऱ्या होत्या आणि त्यावर लोकांनी उत्तम कामं केली. नवशिक्याच्या हाताला २०४८ आणि ८१९२ मधला फरक कळत नाही, माझ्या तर नाहीच नाही. आकार बघा, तो महत्त्वाचा. पाटी पूर्ण पडद्याला जोडलेली असते, त्यामुळे लहान पाटीवर इंचभर हात हलला की पडद्यावर दोन-तीन इंच रेघ सरकते. मनगटातून काढणाऱ्याला सहा बाय चार इंच पुरते. खांद्यातून काढणाऱ्याला मोठी हवी. पडदा असलेली पाटी बरीच महाग, ती नंतर कधीतरी. सॉफ्टवेअरला पैसे घालवू नका, क्रिटा फुकट आहे आणि फार चांगलं आहे.

आणि एक, माझ्या मूर्खपणातून शिकलेलं. २००८ मध्ये हौसेने मीही एक टॅबलेट घेतला होता. गोल काढला की अंडं यायचं. महिनाभर अंडी घातली, मग आपल्या हातात कलाच नाही असं ठरवून तो कपाटावर टाकला. या वेळी वाचताना कळलं, माझी पाटी जुन्या टीव्हीच्या आकाराची होती आणि लॅपटॉपचा पडदा आडवा लांबट. पाटीवरचा गोल पडद्यावर ताणला जायचा. सेटिंगमध्ये प्रमाण राखण्याची एक चौकट असते, तिच्यावर टिचकी मारली की संपलं. ती एक चौकट न उघडल्यामुळे इतकी वर्षं गेली. असो.

दहा बाय सहा इंचाची एक पाटी घेतली, चार हजार सहाशेला, आणि शनिवारी एसटीने कोल्हापूर गाठलं. आधी ती चौकट तपासली. भाचीने गोल काढला, गोलच आला. अर्ध्या तासात ती हात न बघता काढायला लागली. या पोरांचं मला नवल वाटतं.

दाजी चहाचा कप घेऊन दारात उभे. आत येईनात, जाईनात. शेवटी भाचीच म्हणाली, "बाबा, एकदा तरी." त्यांनी टॉवेलला हात पुसले, पेन घेतलं ते ब्रश धरतात तसं, टोकापासून लांब, कोपर वर. आणि पाटीवर 'श्री' काढली. मग खाली बघितलं. पाटी कोरी.

"अक्षर कुठं गेलं?"

मी पडद्याकडे बोट केलं. श्री थोडी तिरकी होती, पण वेलांटी एका दमातली, सुरुवातीला बारीक, वर वळणावर भरलेली. दाजींनी पुन्हा काढली. मग तिसऱ्यांदा. या वेळी नजर पडद्यावर होती.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी पेनाचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"हे झिजलं की दुसरं मिळतंय का?"

मिळतं म्हटलं, खोक्यात आठ जादा आहेत. त्यांनी ती मोजून घेतली, आणि आतल्या खोलीतून ब्रशांचा जुना पत्र्याचा डबा आणून त्यात ठेवली.