सहा सिलिंडर, सत्त्याण्णव मिलिमीटर

घाटात ट्रकच्या मागे अडकलो की आपण ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत बसतो. पुढच्या वेळी ओव्हरटेक करताना ट्रकवरचा आकडाही वाचा. टाटांच्या जुन्या ट्रकवर १२१० असे लिहिलेले असायचे. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट एकूण वजन, १२ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, सुमारे १०० अश्वशक्ती. १६१३ म्हणजे १६ टन आणि १३० अश्वशक्ती. इंजिनाच्या नावातही अशीच गंमत आहे. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ४९७ म्हणजे त्याच व्यासाची ४ सिलिंडर.

ही बाराखडी मला शिकवली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो हायवेच्या कडेला डिझेल मेस्त्री आहे. वर्गात सनावळी त्याला कधी पाठ झाली नाही, पण इंजिनाची सनावळी तोंडपाठ! “सर, आरसी बुकावर जाऊ नका,” तो म्हणतो. “गाडी एका सालची, इंजिन दुसऱ्या सालचं, पंप तिसऱ्याच गाडीचा. ब्लॉकवर ठोकलेला नंबर बघायचा आणि मगच पार्ट आणायला जायचं.” मी वर्गात वेगळे काय सांगत होतो? बखरीपेक्षा शिलालेखावर भरवसा ठेवा!

तर थोडा इतिहास. रुडॉल्फ डिझेलने १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले. ठिणगी नाही; हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात तेल सोडले की ते आपोआप पेटते. पण तेल आत ढकलायला दाबलेल्या हवेचा मोठा पसारा लागे, त्यामुळे हे इंजिन कारखान्यात आणि जहाजावर राहिले. ते ट्रकमध्ये सर्रास बसू लागले ते १९२७ साली बॉशचा छोटा पंप कारखान्यातून निघू लागल्यावर. १९१३ साली समुद्रप्रवासात मरण पावलेल्या डिझेलला हे पाहायला मिळाले नाही.

आपल्याकडे १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ साली करार संपला, पुढची चांदणी गेली आणि ‘टी’ अक्षर आले. पंपाचे काम १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या मायकोने हाती घेतले होते. कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाले, तरी मेस्त्री मंडळी अजून ‘मायको पंप’च म्हणतात.

या जुन्या इंजिनांचे आजार डोळ्यांनी, कानांनी ओळखता येत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर तुंबला असेल नाहीतर नोझल गळत असेल. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरते आहे. ऑइल चहासारखे दिसले तर हेडचे पॅकिंग गेले असण्याची शंका घ्यायची. टाकी कोरडी पडली की लाइन ‘हवा धरते’. मग स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. सगळ्यात नाजूक भाग पंपाचा प्लंजर. त्याच्या आणि नळीच्या मधली फट काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्याला वंगण डिझेलचेच. डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल मिसळले की पहिला बळी त्याचा.

पुढे टर्बो आला. त्याबरोबर नवा आजारही आला. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केले की ऑइल थांबते, तापलेला टर्बो कोरडा पडतो आणि त्याचे बेअरिंग जळते. म्हणून जाणते ड्रायव्हर गाडी थांबवूनही दोन मिनिटे इंजिन चालू ठेवतात. आपल्याला वाटते, उगाच डिझेल जाळतो आहे!

युरोपच्या धर्तीवरचे धुराचे नियम देशभर २००० साली लागू झाले आणि टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. बीएस-४ सर्वत्र आले १ एप्रिल २०१७ ला आणि मधला ५ गाळून बीएस-६ आले १ एप्रिल २०२० ला. डिझेलमधले गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आले. काजळी धरायला फिल्टर आला, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. आता आजारही वेगळे. गाडी जवळच्याच फेऱ्या मारत राहिली की फिल्टर तुंबतो. युरिया संपला की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करतो. धूर तर दिसतच नाही, मग वाचणार काय?

पण माझ्या मनाला लागलेली गोष्ट वेगळी आहे. कुठले सिलिंडर मेले ते शोधायची जुनी युक्ती अशी: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचा. आवाज बदलला नाही, ते सिलिंडर मेलेले. पिढ्यान्‌पिढ्या पोरे ही युक्ती उस्तादाकडे बघून शिकली. आताच्या कॉमन रेल इंजिनात त्याच पाइपमध्ये हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाब असतो. नट ढिला केला तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण काही तासांत शस्त्रक्रिया मिळाली नाही तर बोट, कधी हातही जाऊ शकतो. काल ज्याला हुशारी म्हणत होतो, तीच आज पोराचा हात घेऊ शकते. इंजिन बाहेरून तसेच दिसते, नट तसाच, पानाही तोच.

माझा विद्यार्थी हाताखालच्या पोरांना आधी हेच सांगतो: “नट बघायच्या आधी नंबर बघ.” ही पोरे सातवी-आठवीनंतर शाळा सोडलेली. सूचनांची पुस्तके बहुतेक इंग्रजीत. म्हणून त्याने मला काम दिले आहे. कुठल्या इंजिनावर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, याचा एका पानाचा मराठी तक्ता, ठळक अक्षरात. मजकूर तो सांगतो, मी लिहून काढतो. निम्मा झाला आहे.

तुमच्यापैकी कुणी या धंद्यात असाल तर तक्त्यात काय हवे ते जरूर कळवा. पहिली ओळ मात्र ठरली आहे: इंजिन चालू असताना पाइपला हात लावू नये.