फ्लायव्हीलमधली चंद्रकोर

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या भंगारात जुन्या ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील दिसलं, तर त्याच्या कडेला आतून हात फिरवून बघा. पुष्कळ चाकांना एका बाजूला बीड जास्त भरलेलं असतं, चंद्रकोरीच्या आकाराचं. क्रँकची पिन जिकडे, त्याच्या बरोब्बर उलट बाजूला. वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या मोठ्या चाकातही आऱ्यांमध्ये अशीच चंद्रकोर असते. हे साम्य एकदा लक्षात आल्यावर माझ्या डोक्यातून ते गेलेलं नाही. इंजिनाच्या माउंटिंगवर किती जोर येतो, या हिशेबाचं मूळ मोटारीत शोधतात. मला ते रुळांवर सापडतं.

नेहमी सांगितली जाते ती कथा रबराची. 1931 साली अमेरिकेत क्रायसलरने प्लिमथ मोटारीत इंजिन रबरावर बसवलं आणि त्याला ‘फ्लोटिंग पॉवर’ म्हटलं. फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि आपल्या चिन्हात तरंगता हंस घातला. कथा खरी आहे, पण ती शेंड्याकडून सुरू होते. रबर किती मऊ हवं हे ठरवायला आधी जोर मोजावा लागतो.

आणि तो जोर आपल्याला वाटतो तिथून येत नाही. सिलिंडरमधला स्फोट पिस्टनला खाली ढकलतो, तेवढाच हेडला वर ढकलतो. हेड ब्लॉकला बोल्टांनी आवळलेलं, क्रँकच्या बेअरिंगाही त्याच ब्लॉकमध्ये. म्हणजे हे भांडण घरातल्या घरातच मिटतं, पायापर्यंत जातच नाही. पायापर्यंत येतात दोनच गोष्टी: क्रँक फिरवल्याचा उलटा पीळ आणि वरखाली धावणाऱ्या पिस्टनचं जडत्व.

आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं किर्लोस्करचं एव्ही-1 घेऊ. 5 अश्वशक्ती, 80 मिलिमीटर बोअर, 110 मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला 1500 फेरे. पिस्टन, पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून दीड किलो धरू. क्रँकची त्रिज्या 0.055 मीटर, तिला कोनीय वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे 24,674 ने गुणलं की त्वरण 1357 येतं. गुणिले दीड: 2036 न्यूटन. दीड किलोचा ऐवज 207 किलोंच्या जोराने इंजिन वर उचलायला बघतो, लगेच तितक्याच जोराने खाली दाबतो, सेकंदाला 25 वेळा. रॉडच्या तिरकेपणामुळे वरच्या टोकाला त्यात आणखी साधारण चौथाईची भर पडते. उलट, 140 मिलिमीटर स्ट्रोकचं, 650 फेऱ्यांचं लिस्टर पद्धतीचं संथ इंजिन घ्या. त्याचा पिस्टन दुप्पट जड, 3 किलोचा धरला तरी जोर 100 किलोंच्या आतच राहतो. वेगाचा वर्ग होतो, त्याचा हा परिणाम.

आता चंद्रकोर. ती फिरते, पिस्टन सरळ धावतो. म्हणून ती पिस्टनला पूर्ण तोलू शकत नाही. अर्ध्या वजनाएवढी चंद्रकोर घातली तर उभा जोर 207 वरून साधारण 103 किलोंवर येतो, पण 103 किलोंचा नवा आडवा जोर जन्माला येतो. पूर्ण वजनाची घातली तर उभा धक्का जातो आणि सगळाच्या सगळा आडवा होतो. मग इंजिन उडायचं थांबतं आणि सरकायला लागतं.

हा पेच पहिल्यांदा भोगला रेल्वेवाल्यांनी. 1840 च्या दशकात युरोपात इंजिनं रुळांवर डुलू लागली. तेव्हा अख्खं इंजिन दोरांवर टांगून, त्याच्या कोपऱ्याला पेन्सिल बांधून, ते चालू असताना कागदावर कसली आकृती काढतं हे पाहण्याचे प्रयोग झाले. 1849 साली लुई ल शातलिये यांनी इंजिनांच्या स्थैर्यावर ग्रंथच लिहिला. (रसायनशास्त्रात ज्यांचं तत्त्व शिकवतात, त्या आंरी ल शातलियेंचे हे वडील.) तिथे पिस्टन आडवा धावतो, म्हणून चाकातलं वजन वाढवलं की डुलणं कमी होई, पण रुळावर हातोडा बसल्यासारखे दणके पडत. शेवटी धावत्या वजनाचा दोन तृतीयांशाच्या आसपासचा भाग तोलायचा, अशी तडजोड रूढ झाली.

यावर जहाजांचं नाव पुढे केलं जातं. यारो आणि श्लिक या अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांच्या इंजिनांचा तोल साधला, हे कबूल. पण त्यांची युक्ती अनेक सिलिंडरांच्या क्रँका वेगवेगळ्या कोनांत बसवण्याची होती. एका सिलिंडरच्या इंजिनाला तिचा काय उपयोग? अभियंता लँचेस्टरचे तोल साधणारे, उलटसुलट फिरणारे शाफ्ट तर विसाव्या शतकातले. एकट्या पिस्टनला अर्धामुर्धा तोलून उरलेलं पायावर सोडायचं, हा शहाणपणा रेल्वेचाच.

तो कोल्हापुरात आला कसा? 1891 साली मिरजेहून रेल्वे आली, पण माझा कयास वेगळा आहे. हिशेब आला लाकडी पॅटर्नमधून. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीने इथे कारखानदारी रुजवली, आणि मळ्यातल्या पंपांना, गुऱ्हाळाच्या चरकांना इंजिनं हवीच होती. बाहेरचं चाक समोर ठेवून पॅटर्न घडवला, वाळूत दाबला, बीड ओतलं, की ल शातलियेंच्या काळातली तडजोड कुठलंही सूत्र न लिहिता चाकात उतरली. पॅटर्न करणाऱ्याने ती चंद्रकोर शोभेची समजून तासून टाकली नाही, यातच त्याची जाण दिसते.

उरलेला जोर मळ्यात काँक्रीटचा ओटा आणि फाउंडेशन बोल्ट सोसत. आता विहिरीवर वीज आली आणि इंजिन जनरेटरखाली रबरावर बसलं. तिथे सेकंदाला 25 धक्क्यांचा प्रश्न सोपा आहे, कारण अवघड धक्का दुसराच: दर दोन फेऱ्यांत एकदाच पेट होतो, म्हणून पिळाचा झटका सेकंदाला साडेबारा वेळा येतो. तो अडवायचा तर रबरावरच्या इंजिनाची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला पावणेनऊ वेळांच्या खाली ठेवावी लागते. रबर त्याहून कडक निवडलं, तर ते धक्का अडवायच्या ऐवजी वाढवूनच जमिनीला देतं.