दवाखान्यातील वस्तूंची जात

वैद्यकशास्त्राचे इतिहास मी पुष्कळ चाळले. त्यांत शोध लावणारे भेटतात, संस्थापक भेटतात, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या भेटतात. रुग्णाखालचे भांडे कोण उचलीत होता, हे मात्र त्यांत कुठेच येत नाही. आपल्या इतिहासकारांना ती वस्तू लिहिण्याजोगी वाटली नाही. मला वाटते, आपल्या समाजाचा इतिहास लिहायचा तर दवाखान्यातील वस्तूंपासूनच सुरुवात करावी.

1816 साली पॅरिसमध्ये लायनेक या डॉक्टरपुढे एक तरुण स्त्री रुग्ण म्हणून आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला संकोचाचे वाटले. त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले, दुसरे कानाला लावले. हाच पहिला स्टेथोस्कोप. अंतर राखूनही रुग्णाच्या जवळ जाता यावे, म्हणून ते साधन जन्मले. अशी साधने बोटीने आपल्याकडे आली तेव्हा त्यांना आणखी एक काम लावण्यात आले.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंतपणानंतर दोनच दिवसांनी त्या अस्पृश्य शिक्षकाची बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठने मध्यस्थी केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला. पण वस्तीच्या बाहेरच उभा राहिला. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह त्याच्यापुढे आणावी लागली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्युमोनियाचे निदान केले आणि तो निघून गेला. बाई वाचली नाही. काच आणि पारा यांना विटाळ होत नव्हता, पण त्यांना धरणाऱ्या बोटांना होत होता! विज्ञान आले की जात आपोआप जाईल, असे व्याख्यानांतून सांगणाऱ्या विद्वानांनी हा प्रसंग विद्यार्थ्यांपुढे वाचावा.

याच्या बत्तीस वर्षे आधी, प्लेगच्या साथीत, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा पाठीवर घेतला आणि यशवंतच्या दवाखान्यात आणला. तिथे स्ट्रेचर नव्हती, पाठ होती. त्याच साथीने 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची इस्पितळे. ओपीडीच्या रांगेत कुणी जात विचारीत नाही, हे खरे. पण वस्तूंची वाटणी पाहा. स्टेथोस्कोप डॉक्टरच्या गळ्यात, इंजेक्शनचा ट्रे सिस्टरच्या हाती, स्ट्रेचर वॉर्डबॉयच्या, भांडे आयाच्या, आणि झाडू, फिनेल व रक्ताने भरलेल्या बोळ्यांची बादली सफाई कामगाराच्या. या उतरंडीत जसजसे खाली जावे तसतशी आपली माणसे अधिक भेटतात. मुंबईच्या सफाई कामगारांत काठेवाड-गुजरातेतून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्या मुलखात थर्मामीटर हातोहात फिरला, त्याच मुलखातले हात इथे शहर झाडायला आले.

लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून 1975 साली सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याचे धोरण आले. डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. इथे झाडू वारशाने मिळतो. तरी या हक्कासाठी भांडणाऱ्या कामगारांना मी दोष देणार नाही. मुंबईत पगार आणि डोक्यावरचे छप्पर म्हणजे काय, हे वातानुकूलित परिसंवादात कळत नाही. 1998 साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम झाले, रंगीत पिशव्या आल्या. पिशवीचा रंग बदलला; ती उचलणारा कोण, याविषयी नियमांना काही म्हणायचे नव्हते.

आणि केसपेपर. दवाखान्यातली सर्वांत स्वस्त वस्तू. 11 जुलै 1997 च्या सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसे मेली. जखमींना वस्तीच्याच लोकांनी राजावाडीला नेले. पुढे चार दिवसांनी, 15 जुलैला, मुलुंडच्या वस्तीत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे सरकारपक्षाचे म्हणणे. पण बहुतेक जखमा कमरेच्या वर होत्या. पांगवण्यासाठी झाडलेल्या गोळ्या छातीत आणि डोक्यात कशा शिरतात? वर्तमानपत्रांचे रकाने काही म्हणोत, जखम शरीरावर कुठे आहे हे केसपेपरवर लिहावेच लागते. न्या. गुंडेवार आयोगाने टँकरची गोष्ट मानली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. 2009 साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम याला जन्मठेप सुनावली. त्यानंतर तो जामिनावर सुटला.