एका बाईवरून सगळ्या बायका : बुलढाण्याच्या ताराबाईंनी पुरावा कसा तपासला

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. नवरा वारलेला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला, पण समाजाला तो मान्य नाही. तिला दिवस गेले, मूल झालं आणि बदनामीच्या भीतीनं तिनं ते मारलं. कोर्टानं फाशी सुनावली, अपिलात तिची जन्मठेप काळं पाणी झाली.

खटला एकीचा होता. निकाल मात्र वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर लावला. पुण्याच्या 'पुणेवैभव'नं या निमित्तानं बायकांच्या बिघडत चाललेल्या चालचलणुकीवर झोड उठवली. त्याला उत्तर पुण्यातून आलं नाही, ते आलं आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्यातून. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

या पुस्तकाबद्दल बोलताना आपण 'पहिलं स्त्रीवादी पुस्तक' म्हणतो आणि पुढं जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. लेखात दिलेला पुरावा कसा तपासायचा, याचा तो मराठीतला एक भक्कम नमुना आहे.

आधी थोडं ताराबाईंच्या भोवतालाबद्दल. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यात सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. मुलीला त्यांनी घरीच शिकवलं. लग्न झालं, पण नवरा घरजावई म्हणून आला आणि ताराबाई वडिलांच्या घरीच राहिल्या. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलेला वऱ्हाड त्या काळात काही झोपलेला नव्हता. अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' निघत होता. १८७५ साली मॅट्रिक झालेले गोपाळ गणेश आगरकर अकोल्यात शिकत असताना त्यात लिहायचे. म्हणजे छापलेला शब्द इथं पोचत होता, वाचला जात होता, आणि त्यावर वादही होत होता.

आता मुद्द्याकडे. ताराबाईंची पहिली चाल पुस्तकाच्या नावातच आहे : तुलना. शास्त्र शिकलेल्या कुणालाही हा शब्द लगेच खटकेल, म्हणजे चांगल्या अर्थानं. समजा, एक खत टाकलं आणि कपाशी चांगली आली. एवढ्यावरून खत चांगलं, असं म्हणता येत नाही. शेजारी बिनखताचा एक वाफा लागतो, ज्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. 'बायका साहसी, कपटी, संशयी' असं म्हणणाऱ्या लेखात हा दुसरा वाफाच नसतो. बायका कपटी असतील, पण कुणापेक्षा? ताराबाई तो वाफा आणून बाजूला ठेवतात. बायकांवर दोषांची रास ओतणारा भर्तृहरीचा एक प्रसिद्ध श्लोक आहे. त्यातला एकेक दोष घेऊन त्या विचारतात, हा पुरुषात नाही काय? साहस म्हणता, मग चोऱ्या, दरोडे, लाचखाऊपणा कोण करतं? तुरुंग कुणी भरलेत?

आमच्याकडं म्हणतात ना, 'आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून.' ताराबाईंनी फक्त झाकण काढलं.

दुसरी चाल जास्त बारीक आहे. विजयालक्ष्मीच्या खटल्यात गुन्ह्याचा पुरावा कुठं दिसला? तिच्या पोटावर. ते मूल काही एकटीचं नव्हतं, पण पुरुषाच्या अंगावर काहीच खूण राहत नाही. तो दुसऱ्या दिवशी डोक्यावर पागोटं ठेवून चारचौघांत बसू शकतो. मग कोर्टात येणाऱ्या आणि पेपरात छापल्या जाणाऱ्या प्रकरणांत बायकाच दिसणार, हे उघड आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर हा नोंदीतला दोष आहे. ज्याची खूण राहते त्याचीच नोंद होते, आणि नोंद ज्याची आहे त्यालाच आपण दोषी धरतो. हे शब्द ताराबाईंचे नाहीत, माझे आहेत. पण बाईला फसवणारा पुरुष उजळ माथ्यानं फिरतो आणि शिक्षा मात्र तिलाच, हा त्यांचा संताप नेमका याच जागेवर बोट ठेवतो.

तिसरी चाल म्हणजे समोरच्याचीच साक्ष वापरायची. पतिव्रताधर्म सांगणारे पुराणांचा दाखला द्यायचे. ताराबाई त्याच पुराणांत शिरतात आणि देवांचं, ऋषींचं वागणं पुढं मांडतात. अहल्येला शिळा व्हावं लागलं, आणि इंद्राचं इंद्रपद शाबूत राहिलं. कुणी म्हणेल, पुराणकथा हा काय पुरावा झाला? बरोबर. पण तो पुरावा म्हणून आधी आणला कुणी? तुम्ही मानता त्याच मापानं मोजलं तरी तुमचं म्हणणं टिकत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं आहे.

आणि चौथी गोष्ट कादंबऱ्यांची. हलब्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) ही त्या काळी तरुण वाचकांची आवडती पुस्तकं होती. ताराबाई त्यांचाही समाचार घेतात. हे लेखक बायकांचं जे चित्र काढतात ते कुठून आणतात, हा त्यांचा राग आहे. आपण आज त्या कादंबऱ्या वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्यातली नायिका पहिल्या पानावर जशी असते तशीच शेवटच्या पानावर असते. संकटं येतात, राजवाडे, अरण्यं, दुष्ट माणसं येतात, शेवटी सुख मिळतं, पण ती स्वतः बदलत नाही. सद्गुणी ती सद्गुणीच, कुलटा ती कुलटाच.

वरवर वाटतं, हा साहित्याचा प्रश्न आहे, पुराव्याशी त्याचा काय संबंध? तर संबंध जवळचा आहे. 'बायकांची जातच अशी' हे वाक्य खरं वाटायला माणूस बदलत नाही असं आधी मानावं लागतं. कादंबरी तरुण वाचकाला तेच मानायला शिकवत होती. स्वभाव जन्माचाच ठरलेला असेल तर एकीचं वर्तन सगळ्यांचा पुरावा होऊ शकतं. पण परिस्थितीनं माणूस घडतो, असं एकदा मान्य केलं की प्रश्न बदलतो. मग 'ही अशी का?' याऐवजी 'हिला असं करावं लागेल अशी वेळ कुणी आणली?' असं विचारावं लागतं.

मराठी कादंबरीनं हा प्रश्न विचारायला आणखी काही वर्षं घेतली. हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली. यमू आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगते. आधी भावाबरोबर खेळणारी खोडकर पोर, मग सून, मग मुंबईत नवऱ्याच्या सोबतीनं लिहायला-वाचायला शिकून विचार करू लागलेली बाई, आणि नंतर विधवा. तिच्या केशवपनापर्यंत आपण पोचतो तेव्हा 'विधवा' हा शब्द आपल्यासाठी एक जात उरलेला नसतो, तो यमू झालेला असतो. १८८२ मध्ये ताराबाई युक्तिवादानं जे मागत होत्या, ते इथं एका पात्राच्या वाढीतून मिळतं.

ताराबाईंच्या पद्धतीत उणं नाही असं मात्र नाही. रागाच्या भरात त्या स्वतःही 'तुम्ही पुरुष असेच' असं सरसकट बोलतात, म्हणजे ज्या चुकीवर बोट ठेवलं तीच करतात. आणि त्यांच्याकडे आकडे नाहीत. आकडे होते जोतीराव फुल्यांकडे. त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात अडलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. ४ डिसेंबर १८८४ च्या टिपणात ते लिहितात की, तिथं ३५ विधवा बाळंत झाल्या आणि त्यातली फक्त पाच मुलं वाचली. गर्भ लपवायला आयांनी घेतलेल्या औषधांनी बाकीची ३० गेली, असं ते नोंदवतात. हा आकडा 'पुणेवैभव'च्या लेखाशेजारी ठेवून बघा. लेख म्हणतो, बाई बिघडली. टिपण म्हणतं, दार उघडं ठेवलं तर एका घरात ३५ बाया येतात, आणि तोवर बहुतेक मुलांना उशीर झालेला असतो. प्रश्न एकीच्या स्वभावाचा असता तर हे घर रिकामं राहिलं असतं.

पुस्तकाची टर उडवली गेली तेव्हा याच फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही पुस्तक लोक विसरले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापलं तोवर ९३ वर्षं गेली होती.

या ९३ वर्षांत तुलना न करता लिहिलेले लेख काही थांबले नाहीत, आजही मोबाइलवर रोज येतात. जात बदलते, धर्म बदलतो, गाव बदलतं, पण 'एकानं केलं म्हणजे सगळे तसेच' हा साचा तोच. असा लेख आला की तीन प्रश्न विचारून पाहा. हे कुणाच्या तुलनेत म्हटलंय? ज्यांची नोंदच झाली नाही ते कोण? आणि लेखातल्या माणसाला बदलायला काही जागा ठेवली आहे का? मूळ पुस्तक छोटं आहे, एका संध्याकाळी वाचून होतं. भाषा जुनी, पण धार अजून तशीच. नक्की वाचा.